डोकी मोजताना : लोकप्रियतेच्या क्रमवारीतला न्याय

भाऊबीज झाली की आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, माहेरी आलेल्या लेकी. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर झाडीपट्टीचे नाटक. लहानपणी वडिलांबरोबर अशा किती तरी रात्री मी जागवल्या. गाणाऱ्याच्या हातात कुणी नोट ठेवली की खेळ क्षणभर थांबे आणि माइकवरून देणाऱ्याचे नाव, गाव पुकारले जाई. पहाटेपर्यंत कोणासाठी किती वेळा पुकारा झाला, यावरून दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर 'एक नंबर' कोण हे ठरे. ती आमची क्रमवारी होती. तिच्यात लबाडी नव्हती असे नाही. मंडळातलाच एखादा माणूस प्रेक्षकांत बसून पहिली नोट काढी, म्हणजे इतरांचे हात खिशाकडे वळत. हे सगळ्यांना ठाऊक असे. पण त्या माणसाला ती नोट हातात धरून गावासमोर उभे तरी राहावे लागे, आणि एका रात्री तो एकदाच, फार तर दोनदा उभा राहू शके.

त्या उभे राहण्याची किंमत काय असते, हे संख्याशास्त्र शिकवण्यात तीस वर्षे घालवूनही मला कळले नव्हते. ते निवृत्तीनंतर, माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून कळले. प्रस्तुत लेख त्या चुकीचा आणि तिच्यामागच्या गणिताचा आहे.

एक स्पर्धा

२०२० साली करोनामुळे मंडया झाल्या नाहीत. त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतली जी मुले-मुली तिथे गात, नाचत, नकला करत होती, त्यांच्यासाठी एकाएकी जागा मोकळी झाली आणि ती भरून काढायला अनेक नवी अ‍ॅप पुढे आली. अशाच एका अ‍ॅपने त्या हिवाळ्यात गाण्याची स्पर्धा ठेवली. माझी भाची बरी गाते. तिने नाव दिले. नियम साधे होते : एका खात्याचे एक मत. शिवाय प्रत्येक स्पर्धकाला स्वतःची लिंक मिळे. त्या लिंकवरून कोणी नवे खाते उघडले, तर स्पर्धकाच्या गुणांत भर पडे आणि लिंक पाठवणाऱ्याच्या खिशात दहा रुपये पडत.

पहिले दोन दिवस मी इतरांसारखेच केले, म्हणजे नातेवाईक, शेजारी, जुने विद्यार्थी यांना लिंक पाठवली. तिसऱ्या दिवशी भाची चौथ्या क्रमांकावर घसरली आणि तिचा चेहरा उतरला. मग मी घरातली जुनी सिमकार्डे शोधून काढली. ओळखीच्या मोबाइल दुकानदाराकडे पडून असलेले नंबर मागितले. दोन मुलांना हाताशी धरले. खाते उघडल्यावर मिळणारे दहा रुपये त्यांनी ठेवावेत, मत आम्हाला द्यावे, असा करार. आठवड्याभरात दीडशेच्या वर खाती उभी राहिली. त्यांतल्या बहुतेकांनी एकही गाणे ऐकले नाही. भाची पहिली आली.

तिसरी आलेली मुलगी सालेकसा तालुक्यातली होती. तिच्या वस्तीत मोबाइलला रेंज नव्हती. टेकडीवर एका ठरावीक जागी उभे राहिले तर गाणे वर चढवता येई, असे तिने स्वतःच गाण्याआधी हसत सांगितले होते. मी तिचे गाणे तीनदा ऐकले होते. ते भाचीच्या गाण्यापेक्षा चांगले होते, आणि हे मला मते गोळा करतानाही माहीत होते.

'सगळेच असे करतात,' अशी मनाची समजूत मी काढली. सगळेच करतात हे खरेही होते. पण सगळ्यांना ते सारखे करता येत नव्हते. माझ्याकडे गोंदिया शहर होते, नेटवर्क होते, तीस वर्षांचे विद्यार्थी होते. टेकडीवरच्या मुलीकडे टेकडी होती.

रेफरल : शिफारशीचा मोबदला

ज्या व्यवस्थेमुळे मला हे जमले तिला व्यवहारात 'रेफरल' म्हणतात. जुन्या गिऱ्हाइकाने नवे गिऱ्हाईक आणावे आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळावा. कल्पना जुनी आणि स्वच्छ आहे. शिंपी, डॉक्टर, स्थळे सुचवणारे मध्यस्थ हे सगळे शिफारशीवरच चालतात. इंटरनेटच्या जगात ती गाजली ती पेपालमुळे. १९९९-२०००च्या सुमारास ही कंपनी नवे खाते उघडणाऱ्यालाही दहा डॉलर देई आणि त्याला आणणाऱ्यालाही. तिची खाती झपाट्याने वाढली.

आपल्याकडचे मोठे उदाहरण तर विदर्भातलेच आहे. १४ एप्रिल २०१७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीदिनी, नागपूरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी 'भीम' अ‍ॅपची रेफरल बोनस योजना जाहीर केली. नवा माणूस जोडा, दहा रुपये मिळवा. दिवसाला वीस माणसे जोडली तर संध्याकाळी दोनशे रुपये, असा हिशोबही त्यांनी तरुणांना मांडून दाखवला. या योजनेत एक अट होती आणि ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नव्या माणसाने केवळ अ‍ॅप उतरवून घेणे पुरेसे नव्हते. त्याने तीन व्यवहार पूर्ण केल्यावरच बोनस मिळे. म्हणजे डोके जिवंत आहे की नुसते मोजण्यापुरते आहे, हे तपासण्याची सोय नियमातच होती. भाचीच्या स्पर्धेत नेमकी तीच नव्हती.

रेफरल बिघडते कुठे? मोबदला माणूस आणण्याबद्दल असतो. तो माणूस टिकण्याबद्दल किंवा त्याला गोष्ट आवडण्याबद्दल नसतो. त्यामुळे लिंक पाठवणारा ती योग्य माणसाला न पाठवता सगळ्यांना पाठवतो. शाळेच्या गटात, भजनी मंडळाच्या गटात, अनोळखी माणसाच्या फोटोखाली, कोणाच्या तरी श्रद्धांजलीच्या मजकुराखालीसुद्धा. हाच तो 'स्पॅम', नकोशा निरोपांचा रतीब. इथवर तो फक्त त्रासदायक आहे. पण आलेल्या माणसांच्या संख्येवर कोणाची तरी क्रमवारी ठरू लागली की तो अन्यायकारक होतो.

जिथे क्रमवारी हीच रोजी

भाचीची स्पर्धा आठवड्याची होती. पण काही माणसांची रोजची भाकरी अशा क्रमवारीवर ठरते. त्यांचे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणजे वेबकॅम मॉडेल. हा विषय दिवाळी अंकात अवघड वाटेल, याची मला जाणीव आहे. पण क्रमवारीचा प्रश्न तिथे जितका उघडा दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही.

१९९६ साली अमेरिकेत जेनिफर रिंगली या महाविद्यालयीन तरुणीने आपल्या खोलीत कॅमेरा लावला आणि आपले रोजचे आयुष्य इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली. त्यातून पुढे प्रौढांसाठीच्या कॅमेरा-संकेतस्थळांचा मोठा धंदा उभा राहिला. आज जगभरातून अनेक स्त्रिया, आणि पुरुष व तृतीयपंथी व्यक्तीही, कॅमेऱ्यासमोर बसतात. प्रेक्षक आधी पैसे देऊन 'टोकन' विकत घेतात आणि मॉडेलला बक्षीस म्हणून देतात. टोकनच्या किमतीतला मोठा वाटा संकेतस्थळ ठेवते. मंडईतली नोट आणि हे टोकन यांच्यात तत्त्वतः फरक नाही. फरक आहे तो रंगमंचांच्या संख्येत : एकाच वेळी शेकडो-हजारो खोल्या चालू असतात. प्रेक्षक पहिल्या पानावरच्या दहा-वीस खोल्या पाहतो आणि त्यांतल्या एकीत शिरतो. पाचव्या पानावर कोण आहे, हे पाहण्याइतका धीर फार थोड्यांना असतो.

म्हणून पहिल्या पानावर कोण, हाच पोटाचा प्रश्न होतो. काही संकेतस्थळे खोलीत या क्षणी किती माणसे आहेत त्यावरून क्रम लावतात. मायफ्रीकॅम्स या संकेतस्थळाने 'कॅमस्कोर' नावाचा गुणांक काढला. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या वेळेच्या मानाने मॉडेलने किती टोकन मिळवले, यावर तो अवलंबून असतो. गुणांक जास्त तर नाव वर, नाव वर तर प्रेक्षक जास्त, प्रेक्षक जास्त तर गुणांक आणखी वर. खालच्या बाजूला याच चक्राचा उलटा फेरा असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अँजेला जोन्स यांनी या व्यवसायाचा अभ्यास केला आहे. त्यांच्या २०१५ सालच्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकाचा अर्थ 'कृष्णवर्णीय मॉडेल्ससाठी खाली सरका' असा होतो. क्रमवारीचे सूत्र वर्ण विचारत नाही. पण प्रेक्षकांचे पूर्वग्रह टोकनांत उतरतात, टोकने गुणांकात उतरतात आणि गुणांक पडद्यावरच्या जागेत. अशा रीतीने समाजातला भेद आकड्याचे स्वच्छ कपडे घालून पुढे येतो.

आता यात रेफरल आणा. ही संकेतस्थळे नवा प्रेक्षक आणून देणाऱ्याला नोंदणीमागे ठरावीक रक्कम किंवा त्या प्रेक्षकाच्या पुढच्या खर्चातला हिस्सा देतात. त्यामुळे लिंक पसरवणाऱ्यांची एक वेगळीच जमात तयार झाली. मॉडेलचा फोटो तिला न विचारता उचलायचा, खोटी ओळख घ्यायची, शेकडो ठिकाणी लिंक टाकायची. ज्या खोलीच्या लिंका जास्त फिरल्या तिथे रिकामी खाती येऊन बसतात. काही देत नाहीत, काही बोलत नाहीत, पण डोकी म्हणून मोजली जातात. क्रम डोक्यांवर ठरत असेल तर ती खोली वर चढते. जिने हे काही केले नाही, ती त्याच प्रमाणात खाली जाते. तिचे काम वाईट झालेले नसते. तिच्या वरच्या जागा फक्त भाड्याने गेलेल्या असतात.

आपल्या घरची उदाहरणे

हे सगळे परक्या मुलखातले आहे असे समजायचे कारण नाही. मार्च २००५ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वाचा अंतिम सामना मुंबईचा अभिजीत सावंत आणि भिलाईचा अमित साना यांच्यात झाला. गोंदिया हे हावडा-मुंबई लोहमार्गावरचे जंक्शन. भिलाई आमच्या पूर्वेला, मुंबई पश्चिमेला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतही दोन तट पडले होते. मते एसएमएसने द्यायची होती आणि एसएमएसला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडत. म्हणजे मत देणे आणि पैसे देणे एकच झाले होते. ज्याला हौस आणि ऐपत, त्याचे मत मोठे.

२००७ च्या पर्वात दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला. त्याच्यासाठी डोंगरभागातल्या लोकांनी वर्गणी काढून, एकत्र बसून एसएमएस पाठवले. याला मी लबाडी म्हणणार नाही. तिथे प्रत्येक डोक्यामागे खरा माणूस होता, आणि आपल्याला कोणीतरी मोजावे ही खरी इच्छा होती. संघटित मत आणि खोटे मत यांच्यात फरक केला पाहिजे, हे या उदाहरणावरून लक्षात येते. माझ्या दीडशे खात्यांमागे दीडशे माणसे नव्हती.

ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी दूरचित्रवाणीच्या टीआरपीत फेरफार झाल्याचा आरोप करून गुन्हा दाखल केला. देशभरातल्या प्रेक्षकांची आवड त्या वेळी सुमारे ४४ हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून मोजली जात होती. अशा काही घरांना महिन्याला काहीशे रुपये देऊन ठरावीक वाहिनी चालू ठेवायला सांगितले गेले, असे पोलिसांचे म्हणणे होते. आरोपींनी ते नाकारले. पुढे राज्य सरकारनेच खटला मागे घेण्याची परवानगी मागितली आणि २०२४ मध्ये न्यायालयाने ती दिली. त्यामुळे दोषी कोण हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु या प्रकरणानंतर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे जवळपास दीड वर्ष प्रसिद्ध होत नव्हते, एवढे खरे. मोजमापावरचा विश्वास उडाला की मोजमापच थांबवावे लागते. त्याच वर्षी जुलैत, एका गायिकेच्या तक्रारीवरून, मुंबई पोलिसांनी समाजमाध्यमांवर खोटे अनुयायी विकणाऱ्यांचाही तपास सुरू केला होता. म्हणजे डोक्यांचा बाजार मुंबईतही भरत होता. मी गोंदियात तो घरगुती पातळीवर चालवला, इतकेच.

पैसा मोजावा की डोकी?

आता गणिताकडे वळू. एका गायिकेला एका रसिकाने ९०० रुपये दिले. दुसरीला ९० जणांनी प्रत्येकी १० रुपये दिले. दोघींची बेरीज ९०० च आहे. वरचा क्रम कोणाचा?

बेरजेवर क्रम लावला तर दोघी समान. मग एका मोठ्या खिशाची माणसाची मर्जी नव्वद जणांच्या आवडीइतकी वजनदार ठरते. लावणीच्या संगीत बारीतला दौलतजादा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या मर्जीचे वजन सांगायला नको. एक शौकीन रुसला तर त्या पार्टीचा अख्खा हंगाम कोरडा जाऊ शकतो.

डोक्यांवर क्रम लावला तर दुसरी नव्वदपट पुढे. हे बरे वाटते. मधला मार्ग म्हणून प्रत्येकाने दिलेल्या रकमेचे वर्गमूळ काढून त्यांची बेरीज करता येते. पहिलीचे ९०० चे वर्गमूळ ३०. दुसरीच्या प्रत्येक दहा रुपयांचे वर्गमूळ सुमारे ३.१६, त्याची नव्वदपट सुमारे २८५. पैशालाही किंमत आहे, डोक्यांनाही आहे. समजा, आपण हे सूत्र लावले. आता पहिलीचा तो शौकीन काय करील? तो ९० खोटी खाती उघडेल आणि प्रत्येकातून १० रुपये देईल. एक रुपयाही जास्त न खर्चता त्याच्या आवडत्या गायिकेचे गुण ३० वरून २८५ वर जातील.

सगळा पेच इथे आहे. पैसा मोजला तर मोठा खिसा जिंकतो. डोकी मोजली तर खोटी डोकी जिंकतात. संगणकशास्त्रात या दुसऱ्या प्रकाराला 'सिबिल हल्ला' म्हणतात. मायक्रोसॉफ्टमधील संशोधक जॉन डूसर यांनी २००२ साली त्यावर निबंध लिहिला. ओळख पटवून देणारी एखादी विश्वासाची मध्यवर्ती यंत्रणा नसेल, तर एकाच माणसाने अनेक माणसे बनून येणे व्यवहारात पूर्णपणे रोखता येत नाही, असा त्याचा आशय.

म्हणून एखादी क्रमवारी न्याय्य आहे का हे तपासताना 'मते किती' हा प्रश्न दुय्यम ठरतो. पहिला प्रश्न असा : इथे एक खोटे डोके उभे करायला किती खर्च येतो? मंडईत तो खर्च मोठा होता. नोट खरी लागे, आणि गावासमोर तोंड दाखवावे लागे. नुसत्या मोबाइल नंबरवर खाते उघडत असेल तर तो खर्च एक-दोन रुपयांवर येतो. आणि रेफरलचे बक्षीस दहा रुपये असेल तर? दोन रुपये खर्चून दहा मिळतात. खोटे डोके उभे करणाऱ्याला आठ रुपये नफा होतो. खोटेपणा इथे नुसता स्वस्त उरत नाही. त्याला पगार मिळू लागतो. माझ्या हाताखालच्या त्या दोन मुलांना मी पदरचे काही दिले नव्हते. त्यांचा पगार स्पर्धा घेणाऱ्यानेच दिला.

आरसा की साचा

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सुरुवातीला थोडी लबाडी झाली तरी शेवटी चांगले ते वर येतेच, मग एवढे मनावर का घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर एका सुंदर प्रयोगात मिळते. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली तो 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी अपरिचित गायकवृंदांची ४८ गाणी घेतली आणि १४,३४१ जणांना संकेतस्थळावर ती ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त विभागले होते. तिथे त्याच जगातल्या इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले, हेही दिसे. गाणी तीच, सुरुवात शून्यापासून. तरी आठ जगांत आठ वेगळ्या क्रमवाऱ्या तयार झाल्या. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत वाईट सहसा शिखरावर गेली नाहीत. मधल्या गाण्यांचे मात्र काहीही होऊ शकत होते. इतरांचे आकडे दिसल्यामुळे वर-खालचे अंतरही वाढले.

२००८ साली साल्गानिक आणि वॉट्स यांनी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी त्यांनी क्रमवारी मुद्दाम उलटी करून दाखवली. काही चांगली गाणी कालांतराने सावरली. काही वाईट गाण्यांना मिळालेला खोटा मान टिकून राहिला. आणि उलट्या क्रमवारीच्या जगात लोकांनी एकूणच कमी गाणी उतरवून घेतली. खोट्या क्रमवारीने नुकसान फक्त खाली ढकललेल्याचे होत नाही. श्रोत्यांचा त्या बाजारातला रसच कमी होतो.

क्रमवारीला आपण आरसा समजतो. ती बरीचशी साच्यासारखी वागते. सालेकशाची ती मुलगी पहिल्या आठवड्यात वर दिसली असती, तर दुसऱ्या आठवड्यात तिला खरे श्रोते मिळाले असते. माझ्या दीडशे खोट्या खात्यांनी तिची दीडशे मते घेतली नाहीत. तिला पुढे मिळू शकले असते ते श्रोते त्यांनी अडवले.

बारी

मग करावे काय? पूर्ण न्याय्य क्रमवारी कोणाला साधली आहे असे नाही, पण बऱ्याच गोष्टी हातातल्या आहेत.

पहिली : रेफरल आणि क्रमवारी यांची गाठ सोडवावी. नवे गिऱ्हाईक आणणाऱ्याला धंद्याने हवे तर पैसे द्यावेत. पण त्या गिऱ्हाइकाचे डोके आणणाऱ्याच्याच माणसाच्या पारड्यात लगेच टाकू नये. ते खाते काही दिवस टिकले, इतरांनाही ऐकून गेले, तरच मोजावे. 'भीम' योजनेतली तीन व्यवहारांची अट याच जातीची.

दुसरी : थोड्या मतांवर मोठा निष्कर्ष काढू नये. समजा, एका गायिकेला तिघांनीच पाचपैकी पाच गुण दिले. दुसरीला २०० जणांनी सरासरी ४.६ दिले. नुसत्या सरासरीत पहिली वर जाते. आता दोघींच्या खात्यात सर्वसाधारण सरासरीची, धरून चालू ३.५ गुणांची, २० काल्पनिक मते घालू. पहिलीची सरासरी ३.७ होते, दुसरीची ४.५. चित्रपटांना गुण देणारे आयएमडीबी हे संकेतस्थळ आपल्या पहिल्या २५० चित्रपटांसाठी बरीच वर्षे याच घाटाचे सूत्र जाहीरपणे वापरत असे. या उपायाने दोन-तीन मित्रांच्या जोरावर शिखर गाठता येत नाही.

परंतु या उपायाने नवख्याची वाटही अडते, म्हणून तिसरी गोष्ट हवी. तिचे नाव आपल्याकडेच आहे. संगीत बारीच्या थिएटरात अनेक पार्ट्या असतात आणि प्रत्येक पार्टी आपली पाळी आली की रंगमंचावर येते. बारी म्हणजे पाळी. शौकीन पुढे कोणाला बोलावतील ते बोलावतील. पण सगळ्यांसमोर एकदा उभे राहण्याची पाळी प्रत्येकीला मिळते. संकेतस्थळांनीही पहिल्या पानावरच्या काही जागा क्रमवारीबाहेर ठेवून पाळीपाळीने द्याव्यात. त्यात धंद्याचेही हित आहे. पाचव्या पानावर काय दडले आहे, हे पाळी दिल्याखेरीज त्यांनाही कळत नाही.

चौथी : सूत्र जाहीर असावे आणि दाद मागण्याची जागा असावी. सूत्र उघडे केले तर लबाड त्याचा फायदा घेतील, असे म्हणतात. थोडा घेतीलही. पण सूत्र झाकलेले असते तेव्हा लबाडांना ते प्रयत्नाने कळतेच. अंधारात राहतो तो सरळ माणूस.

एका उपायाबद्दल मात्र सावध राहिले पाहिजे. खोटी डोकी रोखण्यासाठी सगळ्यांची खरी ओळख घ्या, असे सहज सुचते. ज्यांच्याबद्दल आपण बोलतो आहोत त्यांत अशाही स्त्रिया आहेत, ज्यांचे खरे नाव उघड झाले तर घर, गाव, कधी जीवही धोक्यात येतो. ओळख तपासायची तर ती मत देणाऱ्याची तपासावी. कलाकार सज्ञान आहे आणि स्वेच्छेने आली आहे, याची खात्री संकेतस्थळाने जरूर करून घ्यावी; पण तिचे नाव चव्हाट्यावर आणू नये. क्रमवारीचा न्याय तिच्या सुरक्षिततेच्या बदल्यात विकत घेता येणार नाही.

भाचीचे उत्तर

हे सगळे लिहून झाल्यावर मी ते भाचीला वाचायला दिले. तिचे लग्न झाले आहे, ती आता आमगावला असते. दीडशे खात्यांची गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती. तिने पाने वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"मामा, मला तेव्हाच समजलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या ओळखीचे एवढे लोक गाणं ऐकतच नाहीत."

मी विचारले, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही किती खुशीत होता. आणि मलाही पहिला नंबर पाहिजे होता."

स्पर्धेत मिळालेले पैसे तिने तेव्हाच एका नव्या पेटीत घातले होते. ती पेटी अजून तिच्याकडे आहे. पण त्या स्पर्धेनंतर तिने कोणत्याही अ‍ॅपवर गाणे टाकले नाही. कारण मी तिला कधी विचारले नव्हते. आता विचारले. ती म्हणाली, "किती लोकांनी खरंच ऐकलं होतं, तेच कळेना. मग कोणासाठी टाकायचं?"

खोट्या डोक्यांनी सालेकशाच्या मुलीचे श्रोते अडवले, एवढाच माझा हिशोब होता. त्यांनी माझ्या भाचीचेही श्रोते नेले होते.

या वर्षी सालेकशाकडच्या एका मंडईला जायचे आम्ही दोघांनी ठरवले आहे. ती मुलगी तिथे गाते की नाही, ठाऊक नाही. गात असेल तर नोट घेऊन मी उभा राहीन, आणि माइकवर माझे खरे नाव, गाव सांगेन.